अम्मीचा बल्ब

अब्बांच्या जुन्या बुलेटचं इंजिन मी जळोचीच्या गॅरेजात अख्खं खोललं. सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन घातला, आणि ठिणगीचा जुना पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवलं. "आता दर महिन्याला पॉइंट लावायची कटकट न्हाय," मी म्हणालो. अब्बा नुसतं "बरं" म्हणाले. पॉइंट लावताना धरायचा छोटा बल्ब अम्मीनं पुसून डब्यात ठेवला. चाळीस वर्षं पॉइंट लावायचं काम दोघांचं होतं. अब्बा मागचं चाक हळूहळू फिरवायचे, शेजारी बसलेली अम्मी पॉइंटला जोडलेला बल्ब धरायची, तो पेटला की "थांबा" म्हणायची. एरवी अब्बा शेतात, अम्मी शिलाई मशीनवर. महिन्याभरानं एकदा लवकर घरी आलो, तर बुलेट अंगणात स्टँडवर होती. अब्बा चाक फिरवत होते. अम्मीच्या हातात बल्ब, त्याच्या दोन्ही तारा मोकळ्याच लोंबत होत्या. "पेटला का गं?" "न्हाय अजून," अम्मी म्हणाली. "सावकाश फिरवा."