चीज आत, धूर बाहेर

बंबवाल्यांच्या प्रमुखानं खिडकीतून आधी बूट आत घातला, मग पाय, मग हेल्मेटसकट डोकं, आणि विचारलं, "आग कुठंय?"

"तव्यात," तपासनीस म्हणाले.

शिडी चौथ्या मजल्याला टेकली होती. खाली लाल बंब अख्खा रस्ता अडवून उभा होता. स्वयंपाकघरात निळा धूर कोंडला होता, छतावरचा, धूर लागताच वाजणारा भोंगा कोकलत होता, आणि तव्यावर खिम्याच्या सहा टिक्क्या कोळसा होऊन पडल्या होत्या. त्यांच्याभोवती ओघळून करपलेल्या चीजची काळी जाळी. हा ओळीनं तिसरा रविवार. इमारतीतला भोंगा थेट अग्निशमन केंद्रात ऐकू जायचा, त्यामुळे कुणी बोलवा न बोलवा, पाच जण धावत यायचेच. पहिल्या रविवारी ते भोंगा बंद करून निघून गेले. दुसऱ्या रविवारी पाणी प्यायले. आज त्यांच्यातला एक जण आल्या आल्या खुर्ची ओढून बसला.

तपासनीस एकटे राहायचे. त्यांनी चौतीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासली होती. ते पुढच्या दारानं चढले की मागच्या दारानं माणसं उतरायची. नोकरी संपली, पण लोकांची सवय काही गेली नाही. जिन्यात गाठ पडली तर शेजारी अजून खिसे चाचपायचे आणि गडबडीनं दुसरीकडे वळायचे. घरात पाहुणा म्हणाल तर वर्षातून एकदा मीटर बघणारा.

बर्गरचं खूळ थोरल्या बहिणीनं फोनवरून डोक्यात घातलं होतं. "अरे, चीज वरून ठेवतात ती आळशी माणसं," ती म्हणाली होती. "तू खिम्यातच मिसळ. वरचं चीज म्हणजे टोपी, आतलं चीज म्हणजे स्वभाव." तपासनिसांना हे पटलं. पण तवा तापला की तो स्वभाव उफाळून बाहेर यायचा आणि जळायचा.

इमारतीच्या सेक्रेटरीबाई दारात कागद घेऊन उभ्याच होत्या. "कमिटीचा ठराव झालाय," त्या म्हणाल्या. "पुन्हा एकदा भोंगा वाजला, तर तुमचा गॅस तोडणार. कायमचा."

"मग मी खाऊ काय?"

"काकड्या खा. काकडीला धूर येत नाही." कागद टेबलावर आपटून त्या निघून गेल्या.

प्रमुखानं हातमोजे काढले, चमच्यानं एक टिक्की फोडली आणि डॉक्टर घशात बघतो तसं आत बघितलं.

"काका, चीज कसं घातलंत?"

"चांगले मोठे तुकडे करून. सढळ हातानं."

"तिथंच घोडं पेंड खातंय. मोठा तुकडा काठाशी येतो आणि संधी मिळताच पळतो."

तपासनिसांचे डोळे चमकले. "विनातिकीट माणूस नेहमी दाराशीच उभा राहतो," ते म्हणाले.

"बरोब्बर! म्हणून किसून घाला. चीज फ्रीजमधलं गारठलेलं हवं. टिक्क्याही तव्यावर टाकायच्या आधी अर्धा तास गार करा. आच मंद ठेवा. आणि काहीही झालं तरी उलथन्यानं दाबू नका. दाबलं की सगळे बाहेर."

तपासनिसांनी सगळं एका कागदावर उतरवून घेतलं. बाकीचे चौघे तोवर करपलेल्या टिक्क्यांचे बरे भाग कोरून खात होते. "चव आहे हो," त्यांतला एक तोंडात घास ठेवून म्हणाला. मग केंद्रातून फोन आला, आणि ते आले तसे, एकामागून एक, खिडकीतून गेले.

चौथ्या रविवारी तपासनिसांनी सगळं नेमकं केलं. चीज किसताना बोटं बधिर झाली. टिक्क्या फ्रीजमध्ये अर्धा तास घड्याळ लावून ठेवल्या. मंद आचेवर त्या हळूहळू बदामी झाल्या, फुगल्या, आणि चीजचा एक थेंबसुद्धा बाहेर आला नाही. भोंगा गप्प. त्यांनी पाव भाजले, सहा बर्गर ताटात मांडले, आणि एकाचा घास घेतला. आत चीज रेशमासारखं पसरलं होतं. असं काही त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं.

त्यांनी समोर बघितलं. समोर भिंत होती.

सव्वा वाजला. मागचे तिन्ही रविवार एव्हाना भोंगा वाजून पाच जण आत आलेले असायचे. तोंडातला घास तसाच फिरत राहिला. मग ते उठले, गॅसपाशी गेले, रिकामा तवा बर्नरवर ठेवला आणि त्यात तेलाची धार सोडली. बोट लायटरच्या खटक्यावर ठेवलं. टेबलावर सेक्रेटरीबाईंचा कागद होता. गॅस ठेवायचा की माणसं, असा पेच त्यांच्यावर आजवर कधी आला नव्हता.

तेवढ्यात खाली सायरन वाजला.

जिन्यात धाडधाड पावलं आली. दार ढकललं गेलं. दारात प्रमुख, धापा टाकत, हातात प्राणवायूची नळकांडी. मागे चौघे, एकाच्या हातात स्ट्रेचर. त्यांच्याही मागून सेक्रेटरीबाई, जिना चढून लालबुंद झालेल्या.

प्रमुखानं तपासनिसांना आपादमस्तक न्याहाळलं आणि तो धपकन भिंतीला टेकला.

"हा काय तमाशा आहे?" सेक्रेटरीबाई ओरडल्या. "आज तर भोंगा वाजलासुद्धा नाही!"

"म्हणून तर आलो, बाई," प्रमुख म्हणाला.