पाच ओहम

दहा ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडले की उत्तर पाच येते. दरवर्षी डझनभर महाविद्यालयांत प्रात्यक्षिकांच्या परीक्षक म्हणून जाणाऱ्या डॉ. यमुना यांच्यासमोर एकोणचाळीस उत्तरपत्रिकांत नेमके पाच होते. एकट्या कस्तुरीच्या पत्रिकेत दहा.

“बच्ची जरा कमजोर आहे, मॅडमजी,” जिरावण मसाला भुरभुरलेल्या पोह्यांची प्लेट पुढे करत प्रयोगशाळेचे शार्दूल सर म्हणाले. “हिला फेलच करून टाका.”

यमुनाबाईंनी सगळ्यांनी वापरलेल्या त्या एकमेव सर्किट बोर्डाला स्वतः मीटर लावला. दहा! बोर्ड उलटा केला, तर एका रेझिस्टरचा पाय तुटलेला आणि तुटक्या टोकावर जुना गंज.

“हे कधीपासून?”

“तीन साल तर झालेच असतील. पण आपली मुलं होशियार, बराबर पाचच आणतात!”

यमुनाबाईंना किळस आली. पोहे दूर सारून त्यांनी कस्तुरीला पूर्ण गुण दिले, तक्रार लिहायला घेतली आणि पुरावा म्हणून गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका मागवल्या.



प्रत्येक ‘पाच’शेजारी ‘पडताळले’ असा शेरा होता, आणि खाली यमुनाबाईंचीच सही.