क्लचचा पाय

"आज फुल पँट चालायची नाही, काका," फिजिओथेरपीच्या मॅडमनी फर्मान सोडलं आणि एक हाफ पँट त्यांच्या हातात ठेवली.

बसड्रायव्हर काकांचा चेहरा पडला. चोरी पकडली गेली होती. गेले दोन आठवडे स्टुलावर बसून ते डावा पाय उचलून दाखवत होते खरे, पण मांडीवर ठेवलेला हात हळूच पँटचं कापड मुठीत धरून वर ओढायचा. पाय उचलायचा तो हात! आता उघड्या मांडीवर धरायला होतं काय? कप्पाळ!

"तूच चुगली केलीस ना?" कपडे बदलून आल्यावर त्यांनी बाकावर बसलेल्या बायकोला विचारलं.

"मग काय करू? क्लचवर पाय गेला नाही तर चाळीस माणसं घेऊन कुठे धडकणार होतात?"

डेपोला मॅडमची चिठ्ठी आजच हवी होती. पाय उचलला तर पुन्हा स्टिअरिंग, नाही तर निवृत्तीपर्यंत चौकशीच्या खिडकीत बसायचं. सपाट जमिनीवर काका झकास चालायचे. पण बसलं की डावी मांडी काही केल्या वर येत नव्हती.

मॅडमनी कपाटातून मांडीचं प्लास्टिकचं हाड काढलं. वर गोल गोळा, खाली आखूड मान, बाहेरच्या अंगाला मोठा उंचवटा. "खुब्याचे स्नायू इथे चिकटतात. ते तुमचे ठणठणीत आहेत, म्हणून चालता येतं." मग त्यांनी हाड फिरवून आतल्या बाजूच्या बोराएवढ्या टेंगळावर बोट ठेवलं. "आणि हा धाकटा. कण्यापासून पोटातून उतरणारा स्नायू इथे येऊन धरतो. बसलेल्या माणसाची मांडी तोच उचलतो. तुम्ही पडलात तेव्हा हाच तुकडा निघाला होता. आता एक्स-रेमध्ये जुळलेला दिसतोय. त्याच्यावर भरवसा ठेवा, हातावर नको."

"एवढंसं बोर, आणि माझी अख्खी बस त्याच्यावर!"

"आपल्या घरातही तसंच आहे," बायको म्हणाली.

मॅडम हसल्या. काकांना हसू आलं नाही. चार महिने हीच त्यांच्या मांडीखाली हात घालून पाय उचलत आली होती. पलंगावर, पलंगावरून खाली, रिक्षात. स्वतःचे गुडघे दुखत असताना. एका शब्दाने कुरकुर नाही, आणि त्यांनीही एका शब्दाने कधी आभार मानले नव्हते.

"हात डोक्यावर, पाठ ताठ," मॅडम म्हणाल्या. "उचला, आणि दहा म्हणेपर्यंत खाली टेकवायचा नाही."

पाय जागचा हलेना. काका मागे रेलले.

"पाठ!"

ते ताठ झाले. डोळे मिटले. जांघेत खोल कुठेतरी काहीतरी ताणलं गेलं, दुखलं, आणि सुटलं नाही.

"एक," मॅडम म्हणाल्या. "दोन."

बायकोचा विश्वास बसेना. ह्या माणसाच्या लबाड्या ती जन्मभर बघत आली होती. ती उठली, कण्हत स्टुलापाशी गुडघ्यांवर बसली आणि त्यांचा तळपाय आणि फरशी ह्यांच्यामधून हात आरपार फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. मग तिथेच बसून ती घळाघळा रडायला लागली.

"आठ... नऊ..."

काकांचा पाय लटलट कापत होता, पण वर होता. त्यांनी डोळे उघडले, तर पायाशी ही.

"अगं, ऊठ," ते कसंबसं म्हणाले. "तू कसली वाकतेस? पाया मी पडायला हवं तुझ्या."