हिरवा दिवा

अंधेरीच्या त्या हॉस्पिटलातला जुना सर्व्हर म्हणजे मुलखाचा हट्टी. आज त्याचा हिरवा दिवा जाऊन केशरी लुकलुकायला लागला, तशी त्याच्या देखभालीला आलेल्या मनालीने ऑफिसातल्या राजेश सरांना फोन लावला. "सर, प्लग सैल झालाय. आकाशला नवी केबल घेऊन पाठवा ना, लवकर!" मग फोन स्टुलावर टाकून तिने रॅकमागे हात घातला आणि प्लग दाबून धरला.

दिवा हिरवा. हात जरा ढिला पडला की पुन्हा केशरी. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी हृदय उघडून डॉक्टर याच सर्व्हरवरचे फोटो बघत होते. सोडणार कशी?

बोटं बधिर झाली. एसीच्या घरघरीपुढे तिच्या हाका दाराबाहेरही जाईनात. लेकीला पाळणाघरातून आणायची वेळ टळून गेली. स्टुलावरचा फोन दिसत होता, पण हात पोचत नव्हता. आकाश येतोच आहे, असं स्वतःला बजावत ती तशीच वाकून उभी राहिली.

तेवढ्यात फोनवर सरांचा मेसेज उजळला.



"झकास काम, मनाली! इथे माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवंगार दिसतंय. आकाश मरोळपर्यंत आला होता, त्याला परत फिरवलं. तूही नीघ आता."