सासूबाईंचा शिक्का

क्योटोतल्या ओतोवा घराण्याचा फुलांची चित्रं असलेल्या खेळायच्या पत्त्यांचा कारखाना चार पिढ्या चालला, पण आता पत्ते कुणी घेईना. जावई शिगेमासाने टीव्हीवर खेळायचा एक खेळ बनवून घेतला. तो बाजारात आणायचा तर मालकीणबाईंचा, म्हणजे सासूबाई इसे यांचा कागदावर शिक्का हवा होता.

शहाऐंशी वर्षांच्या इसेबाई पत्त्यांत साठ वर्षं हरल्या नव्हत्या. या खेळात त्या सकाळपासून अकरा वेळा हरल्या आणि त्यांनी शिक्का कमरपट्ट्यात खोचला. "जावईबापू, तुमच्या यंत्राला काही कळत नाही. पत्तेच छापा."

शिगेमासा वीस वर्षं त्यांच्याशी पत्ते खेळत आला होता. त्या बाहीत पत्ता लपवतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इंजिनियरला सांगून त्याने खेळात एक चोरवाट ठेवली: डावं बटण चारदा दाबलं की जिंकलंच. "आई, हे फक्त तुमच्यापुरतं. कुठे बोलू नका," तो त्यांच्या कानात म्हणाला.

इसेबाई जिंकल्या. शिक्का उमटला.

पुढे त्याच खेळाने ओतोवांना जगभर नेलं. पण खेळ बाजारात आल्यावर पहिल्याच शनिवारी दुकानात पोरांची एवढी झुंबड कशी, ते शिगेमासाला कळेना. म्हणून तो दुकानापाशी बघायला गेला.

 

पायरीवर इसेबाई बसल्या होत्या. नुकताच विकत घेतलेला खेळाचा डबा दाखवेल त्या पोराकडून एक दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचा गोड गोळा, घ्यायच्या, आणि मग त्याच्या कानाला लागायच्या.