अर्ध्यावर अडकणारी काच

टेम्पोच्या धडकेत चेपलेलं गाडीचं दार बदलायला मी आईसोबत उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या भंगारवाल्या हरेशभाईकडे गेलो. त्यानं आमच्या गाडीसारखंच पांढरं जुनं दार बसवून दिलं. फक्त काच अर्ध्यावर अडकायची. कारागीर दार खोलणार, एवढ्यात आत बसलेल्या आईनं काच तळहातानं बाहेर रेटत हँडल फिरवलं. काच सरसर वर गेली. आई थिजली. गेल्या दिवाळीत बदलापूरहून भाडं घेऊन गेलेला दादा गाडीसकट बेपत्ता आहे. त्याच्या पांढऱ्या गाडीची काचही अर्ध्यावर अडकायची, आणि ती अशीच रेटून चढवायची. "कुठल्या गाडीचं दार हे?" मी ओरडलो. "लॉटमध्ये आलं, भाऊ. गाडी तर तिकडेच कापली असेल," हरेशभाई नजर चुकवत म्हणाला. आईचा तळहात अजून काचेवरच होता. तिनं हळूच विचारलं, "सीटवर काही लागलेलं होतं का रे?" "माई," तो म्हणाला, "अपने पास सिर्फ दरवाजे आते हैं."