घरातलं घरातच

साखरेचा डबा पुन्हा खिडकीपाशी गेला होता. हॉयरबाई त्याला हात न लावता खुर्चीवर बसल्या. काल टॉवेलांच्या घड्या उलट्या होत्या, परवा भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे. चोरीला मात्र एक चमचाही गेला नव्हता.

"आई, तूच ठेवतेस आणि तूच विसरतेस," अंके म्हणाली. लेकीनं लाइपझिगमधल्या एका वृद्धाश्रमाचे कागद आणून टेबलावर ठेवले होते. "सोमवारी तीन वाजता डॉक्टरांकडे जायचंय. ते नको म्हणाले तर तू इथे एकटी राहणार नाहीस. संपलं."

"मला वेड लागलेलं नाही गं! घरात कुणीतरी येतंय. बर्लिनची भिंत पडायच्या आधी इथले गुप्त पोलीस हेच करायचे. माणसाला बोटही लावायचं नाही. नुसत्या वस्तू हलवायच्या. माणूस आपोआप खचतो."

"ते खातं बंद होऊन पस्तीस वर्षं झाली, आई."

"खातं बंद झालं. माणसं कुठे जातात?"

अंकेनं टेबलावरचे कागद पुन्हा नीट लावले. तो काळ निघाला की ती पुढे काही विचारत नसे. आईनं घरवाटप कचेरीत वीस वर्षं काढली, काय काय बघावं लागलं असेल बिचारीला, असं ती नवऱ्याला सांगे.

बुधवारी कॅमेरे बसवणारे पावलिक आले. त्यांनी आधी सगळ्यात महागडा कॅमेरा काढला.

"हा घ्या, बाई. फोनवर जगात कुठूनही घर दिसतं. चित्रण कंपनीच्या क्लाउडवर जपून राहतं."

"म्हणजे माझं घर कंपनीला दिसणार."

"कोण बघत बसलंय हो!"

"अहो, जपून ठेवलेलं कधी ना कधी कुणीतरी उघडतंच. मला इंटरनेट नको. घरातलं घरात राहील असं काही द्या."

शेवटी साधी तारेची जोडणी ठरली. चित्रण तळघरातल्या पेटीत, पेटीला कुलूप. घराच्या आत कॅमेरा नको, हेही बाईंनी बजावलं. मग त्यांनी प्रश्नांची सरबत्ती लावली. तारेला कुणी हात लावला तर कळेल का? पेटीचा दिवा झाकता येईल का? चित्रणातली वेळ मागेपुढे करता येते का?

"बाई, तुम्ही आमच्याकडे कामालाच या!" पावलिक म्हणाले. कितीतरी दिवसांनी हॉयरबाई मोकळ्या हसल्या.

तेवढ्यात शेजारच्या बेर्गनरांची चिठ्ठी दारावरच्या टपालपेटीत पडली. दोन वर्षांपूर्वी राहायला आलेला एकटा, सभ्य माणूस. मागची बोळी माझ्या मालकीची आहे, कायद्याप्रमाणे ती कॅमेऱ्यात येऊ नये, असं त्यांनी लिहिलं होतं. पावलिकनी चित्राचा तेवढा भाग काळा केला.

"तुमचं मागचं दारही झाकलं गेलं हं, बाई. ते बोळीतच उघडतं."

"कायदा म्हणजे कायदा. त्या दाराची किल्ली माझ्या गळ्यातच असते."

तीन दिवस गेले. चित्रणात पोस्टमन होता, एक मांजर होतं, अंके होती. वस्तू मात्र रोज हलत होत्या.

"बघितलंस? कुणीसुद्धा आलं नाही," अंके म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. हॉयरबाईंनी चित्रण पुन्हा पहिल्यापासून लावलं. चाळीस वर्षांचं घर हातचं जाणार, आणि तेही वेडी ठरून.

रविवारी सकाळी त्या पडद्यावरच्या काळ्या चौकोनाकडे किती तरी वेळ बघत राहिल्या. आपण असतो तर इथूनच आलो असतो, असं त्यांच्या मनात आलं.

डॉक्टरांकडे जायच्या आधी एकदाच माझं ऐक, हा आईचा हट्ट अंकेनं मानला. सोमवारी जेवणं झाल्यावर मायलेकी मोठमोठ्यानं बोलत गाडीत बसल्या. वळणापलीकडे गाडी ठेवली आणि पावलं न वाजवता पुढच्या दारानं परत आल्या. बाईंनी अंकेला कोठीच्या खोलीत उभं केलं. "ब्र काढू नकोस," त्या म्हणाल्या आणि स्वतः दाराआड लपल्या.

अडीच वाजता मागचं कुलूप फिरलं. बेर्गनर नुसत्या मोज्यांवर आत आले आणि त्यांनी फडताळ उघडलं.

"सापडलास, चोरा!" बाई आनंदानं किंचाळल्या. "अंके, ये! बघ कोण वेडं आहे ते!"

अंके बाहेर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बेर्गनर, आई पडली-बिडली तर असावी म्हणून मागच्या दाराची दुसरी किल्ली दिली होती मी तुम्हाला!"

शेजाऱ्याकडे जादा किल्ली ठेवतातच सगळे. बाईंना लेकीचा रागसुद्धा आला नाही. घर वाचलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. "पोलिसांना बोलाव," त्या म्हणाल्या.

बेर्गनर पळाले नाहीत. त्यांनी फडताळ हळूच लावून घेतलं.

"बोलवा. माझ्या आईनंही बोलावलं होतं. चोरी नाही, काही नाही, नुसतं कुणीतरी येतं म्हणते, म्हणून तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. ती तिथेच गेली." ते हॉयरबाईंकडे बघतच नव्हते, अंकेशी बोलत होते. "पुढे मी अर्ज करून गुप्त पोलिसांनी तिच्यावर ठेवलेली फाईल मिळवली. मी पदरचं काही केलेलं नाही, अंके. त्यात लिहिलंय तसंच, त्याच क्रमानं केलं. आणि प्रत्येक पानाखाली तुमच्या आईची सही आहे."